एक रूळ, बावीस गिनी आणि जाळीची उंची : विम्बल्डन १८७७

पहिल्या विम्बल्डनची गोष्ट सांगताना सगळे एका रुळापासून सुरुवात करतात. क्लबचा तट्टाने ओढायचा रूळ नादुरुस्त झाला, दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून स्पर्धा भरवली. गोष्ट खरी आहे. पण त्या स्पर्धेने जे बदललं ते रुळात नव्हतं, मोजमापात होतं: जाळी किती उंच, सर्व्हिसची रेघ जाळीपासून किती लांब, चेंडू किती वजनाचा. तरीही सुरुवात रुळापासूनच केलेली बरी, कारण गवतावरचं टेनिस म्हणजे निम्मं बागकाम आहे.

क्लबचं मूळ नाव 'ऑल इंग्लंड क्रोके क्लब'. १८६८ मध्ये लंडनच्या 'द फील्ड' या साप्ताहिकाच्या कचेरीत तो स्थापन झाला. साप्ताहिकाचे संपादक जॉन हेन्री वॉल्श हे संस्थापकांपैकी एक. १८६९ मध्ये विम्बल्डनच्या वॉर्पल रोडला, रेल्वेमार्गाला लागून असलेली चार एकर जमीन भाड्याने घेतली आणि १८७० पासून तिथे क्रोकेच्या स्पर्धा सुरू झाल्या. क्रोके म्हणजे लाकडी मोगरीने चेंडू टोलवत लोखंडी कमानींतून काढायचा खेळ. चार-पाच वर्षांत त्याचा भर ओसरला. १८७५ मध्ये क्लबने एक हिरवळ लॉन टेनिस आणि बॅडमिंटनसाठी काढून दिली. (बॅडमिंटन तेव्हा आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत जोरात होतं. काही काळ त्या खेळाला 'पूना' असंच म्हणत.) १८७७ च्या एप्रिलमध्ये क्लबच्या नावात 'लॉन टेनिस' आलं आणि जुलैत स्पर्धा झाली.

टेनिस तिथे रुजलं याला जमिनीची तयारी हे मोठं कारण होतं. क्रोकेला गालिच्यासारखी सपाट, बारीक कापलेली हिरवळ लागते. खळगा असेल तर चेंडू वाकडा जातो. त्यामुळे कापणीयंत्र, रूळ, तट्टू आणि माळी ही सगळी जमवाजमव क्लबकडे आधीच होती. गवतकापणीचं यंत्रही तसं नवंच. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी हिरवळ विळ्याने, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या विळ्याने, पहाटे दव असताना कापत. कितीही हात बसलेला माळी असला तरी त्या कापणीत लाटा राहतातच, आणि लाटेवर पडलेला टेनिसचा चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. बडिंगच्या यंत्रात पिळाची पाती एका लोखंडी नळकांड्याभोवती बसवलेली असतात आणि खालच्या स्थिर पात्याला घासून जाताना ती गवत कात्रीसारखं कापतात. ही रचना आजही बदललेली नाही. मोठ्या मैदानांवर यंत्र तट्टू किंवा घोडा ओढायचा. त्याच्या खुरांना चामड्याचे बूट चढवत. नाहीतर जे कापून सपाट केलं त्यावरच नालांचे खड्डे.

आता रूळ. आपल्याकडे क्रिकेटच्या खेळपट्टीवर फिरणारा रूळ सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण हिरवळीच्या रुळाची एक खुबी आहे. ओतीव लोखंडाचा पोकळ दंडगोल अखंड नसतो, मधोमध दोन तुकड्यांत असतो आणि दोन्ही तुकडे एकाच आसावर स्वतंत्र फिरतात. वळताना बाहेरच्या तुकड्याला जास्त अंतर कापावं लागतं. दंडगोल अखंड असेल तर एक बाजू फरफटते आणि गवत मुळासकट सोलून निघतं. कडाही गोलसर केलेल्या असतात, धारदार कडेने जमिनीत रेघ उमटू नये म्हणून.

रूळ फिरवण्याची वेळ साधणं हेच खरं कौशल्य. जमीन ओली चिंब असताना फिरवला तर माती दाबली जाऊन वरचा थर लुकणासारखा घट्ट होतो. मग पाणी झिरपत नाही, मुळांना हवा मिळत नाही, शेवाळ धरतं. जमीन कोरडी ठणठणीत असताना फिरवला तर काहीच होत नाही, फक्त तट्टू दमतं. दाबली जाण्याइतकी ओल हवी, पण बुटाला चिखल लागता कामा नये. इंग्लंडमध्ये हा मोका मुख्यतः वसंतात मिळतो, थंडीत बर्फाने फुगलेली माती खाली बसवताना. त्यामुळे वसंतात रूळ हाताशी नसेल तर जुलैत चेंडू नीट उडत नाही. क्लबला दुरुस्तीची घाई का होती हे यातून कळतं.

आपल्या वाचकांसाठी एक खुलासा. तिकडच्या हिरवळीवर रायग्रास, फेस्क्यू, बेंट ही थंड हवेची गवतं असतात. आपली हरळी उन्हाळी. हरळी धावत्या खोडांनी जाळं विणते, रगडली तरी पुन्हा फुटते, पण थंडीत पिवळी पडते. विम्बल्डनच्या जुलैतली ओलसर, मऊ, हिरवीगार जमीन हरळीवर मिळायची नाही, आणि हरळीचा उन्हातला चिवटपणा त्यांच्या गवतात नाही. विम्बल्डनला आज संपूर्ण बारमाही रायग्रास असतं आणि ते ८ मिलिमीटर उंचीवर कापतात. २००१ पूर्वी त्यात ३० टक्के फेस्क्यू मिसळलेलं असायचं.

९ जून १८७७ च्या 'द फील्ड'मध्ये जाहिरात आली. स्पर्धा सर्व हौशी खेळाडूंना खुली, सोमवार ९ जुलैपासून. प्रवेशफी १ पौंड १ शिलिंग, म्हणजे एक गिनी (वीस शिलिंगांचा एक पौंड). रॅकेट ज्याची त्याने आणायची. बूट बिनटाचेचे. सरावाचे चेंडू क्लबच्या माळ्याकडे मिळतील. आणि एक महत्त्वाचं वाक्य असं की बक्षिसांची किंमत जमलेल्या प्रवेशफीपेक्षा कमी असणार नाही.

हा हिशेब लोक सहसा मांडत नाहीत. नावं आली २२. म्हणजे जमा २२ गिनी, २३ पौंड २ शिलिंग. बक्षिसं पहिलं १२ गिनींचं, दुसरं ७ चं, तिसरं ३ चं. बेरीज २२. आलेला प्रत्येक पेनी बक्षिसात गेला. शिवाय २५ गिनींचा चांदीचा फिरता चषक होता, तो 'द फील्ड'च्या मालकांनी दिला. तो मिळवून देण्यामागे वॉल्श होते. मग रुळासाठी पैसे आले कुठून? फक्त दारावरून. अंतिम सामन्याला सुमारे २०० माणसं आली, तिकीट एक शिलिंग. सगळ्यांनी तिकीट काढलं असं धरलं तर १० पौंड. क्लबला स्पर्धेतून झालेला नफाही सुमारे १० पौंडच सांगितला जातो. रुळाचं काम भागलं आणि तो पुढेही फिरत राहिला. पण खेळाडूंच्या फीने रूळ दुरुस्त झाला असं जे सर्रास लिहिलं जातं, ते या आकड्यांत बसत नाही.

खरी अडचण पैशांची नव्हती, नियमांची होती. मेजर वॉल्टर विंगफिल्डने फेब्रुवारी १८७४ मध्ये या खेळाचं पेटंट घेतलं आणि पेटीत रॅकेट, चेंडू, जाळी, खुंट असं सगळं भरून पाच गिनींना विकलं. त्याचं मैदान डमरूसारखं होतं, जाळीपाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. १८७५ मध्ये क्रिकेटवाल्या मेरीलबोन क्लबने नियम एकत्र केले तरी डमरू तसाच राहिला: बेसलाइनला, म्हणजे मैदानाच्या मागच्या रेघेला, ३० फूट, जाळीपाशी २४. गुणही रॅकेट्स या भिंतीवरच्या खेळाचे, म्हणजे १५ गुणांचा डाव आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. शिवाय जागोजागी लोक आपापल्या सोयीने खेळत. विम्बल्डनच्या समितीपुढे प्रश्न होता की २२ जणांना एकाच नियमाखाली कसं आणायचं.

समितीत तिघे होते. ज्युलियन मार्शल हा जुन्या, भिंतींच्या आतल्या राजेशाही टेनिसचा जाणकार. चार्ल्स गिल्बर्ट हीथकोट हा वकील आणि त्याच खेळातला. तिसरा हेन्री जोन्स, पेशाने डॉक्टर, पण नाव झालं ते 'कॅव्हेंडिश' या टोपणनावाने व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावर लिहून. पत्त्यांवाल्याला मोजण्याची सवय असते. ती पुढे उपयोगी पडली.

तिघांनी डमरू मोडून सरळ आयत केला: ७८ फूट लांब, २७ फूट रुंद. एकेरीचं मैदान आजही याच मापाचं आहे. गुण राजेशाही टेनिसमधून घेतले, १५, ३०, ४०. सहा गेमचा सेट, पाच सेटांपैकी तीन जिंकायचे. मात्र ५-५ झाल्यावर पुढचा एकच गेम निर्णायक, दोन गेमची आघाडी फक्त अंतिम सामन्यात. म्हणून त्या वर्षीच्या निकालांत ६-५ असे आकडे दिसतात, ती छपाईची चूक नव्हे. उपांत्य फेरीत स्पेन्सर गोरने हीथकोटला हरवलं ते ६-२, ६-५, ६-२. सर्व्हिसची एक चूक माफ. जाळीला चाटून योग्य जागी पडलेली सर्व्हिस तेव्हा चालायची, ती पुन्हा करण्याचा नियम १८८० चा.

आयत आखायला डमरूपेक्षा सोपा, पण गवतावर काटकोन साधणं वाटतं तितकं सोपं नाही. नुसत्या चार बाजू मोजल्या तर मैदान कलतं आणि ते डोळ्यांना पटकन दिसत नाही. खात्रीची रीत अशी. आधी जाळीची रेघ ठरवा आणि तिच्यावर २७ फुटांच्या अंतराने दोन खुंट्या ठोका. एका खुंटीला ३९ फुटांवर खूण केलेली दोरी बांधा, दुसरीला ४७ फूट ५ इंचांवर खूण केलेली. दोन्ही ताणून खुणा जिथे जुळतात तो बेसलाइनचा कोपरा. दोऱ्यांची अदलाबदल केली की दुसरा कोपरा मिळतो. मग जाळीच्या पलीकडे तेच. ४७ फूट ५ इंच हा ३९ आणि २७ च्या आयताचा कर्ण. शेवटी पूर्ण मैदानाचे दोन्ही कर्ण मोजायचे, प्रत्येकी ८२ फूट साडेसहा इंच भरले पाहिजेत. दोन कर्णांत इंचाहून जास्त फरक निघाला तर सर्वांत आधी दोरी तपासावी. सुताची दोरी ओली झाली की आखडते. दव सुकायच्या आत मोजणी केली की हमखास चूक होते.

रेघा खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशने किंवा चाकाच्या यंत्राने काढत. आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानावर फक्की मारतात तशी चुन्याची फक्की गवतावर मारू नये. कळीचा चुना पानं जाळतो आणि पावसानंतर पांढऱ्याऐवजी करपलेली तपकिरी रेघ उरते. खडू निरुपद्रवी, पण एका सरीत धुऊन जातो. जुलैच्या इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ रोज सकाळी पुन्हा आखणी.

चेंडूंचं गणित निराळंच. पोकळ रबराचा चेंडू नसता तर गवतावर टेनिस झालंच नसतं. राजेशाही टेनिसचा चेंडू चिंध्या घट्ट बांधून केलेला, तो फरशीवर उडतो आणि गवतावर पडला की तिथेच बसतो. गंधक घालून टिकाऊ केलेलं रबर मिळू लागलं आणि चेंडू हिरवळीवरून उठू लागला. पण उघडं रबर गवतावर घसरतं, ओलं झालं की रॅकेटवरूनही निसटतं. त्यावर फ्लॅनेल शिवायची कल्पना १८७४ मध्ये जॉन मॉयर हीथकोटने मांडली. तो समितीतल्या हीथकोटचा भाऊ आणि राजेशाही टेनिसमधला अव्वल खेळाडू. कापडामुळे चेंडूला पकड आली, फिरकी देता येऊ लागली आणि हवेत तो जरा संथ झाला.

१८७७ च्या नियमात चेंडूचा व्यास सव्वादोन ते दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच आणि वजन सव्वा ते दीड औंस होतं. म्हणजे साधारण ३५ ते ४२ ग्रॅम. आजचा चेंडू ५६ ग्रॅमच्या वर असतो. त्यामुळे त्या काळच्या खेळाचं चित्र डोळ्यांपुढे आणताना चेंडू हलका धरा. वाऱ्यात तो भरकटायचा, जोरात मारला तरी वेग लवकर हरवायचा. आणि व्यासातली सूट पहा, तीन अष्टमांश इंच! एका टोकाचा चेंडू दुसऱ्या टोकाच्या चेंडूशेजारी ठेवला तर नुसत्या नजरेने फरक कळेल. कापड हाताने शिवलेलं असल्यामुळे शिवण थोडी उभी राहायची आणि शिवणीवर पडलेला चेंडू तिरका उडायचा. पावसात फ्लॅनेल पाणी प्यायचं, मग हलका चेंडू एकाएकी जड.

रॅकेट अ‍ॅश लाकडाची. वाफेवर वाकवलेली एकच पट्टी, दोन्ही टोकं खाली आणून मुठीत जोडलेली, मधल्या मोकळ्या जागेत लाकडाची पाचर. सुरुवातीच्या रॅकेटींचं डोकं एका बाजूला किंचित कललेलं असे. हा राजेशाही टेनिसचा वारसा, तिथे जमिनीलगत आलेला चेंडू उचलायला तो आकार कामी येतो. तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. तात कोरडी असताना उत्तम, दमट हवेत सैल, आणि भिजली की धागा उकलून तुटते. म्हणून पावसाची चिन्हं दिसली की अनुभवी खेळाडू चांगली रॅकेट झाकून ठेवी आणि जुनी हातात घेई.

बिनटाचेच्या बुटांची अट खेळाडूंसाठी नव्हती, गवतासाठी होती. टाचेवर जोर देऊन थांबलं की चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो आणि पुढचा चेंडू नेमका त्यात पडतो. झीज कुठे होते यावरून खेळ कसा झाला ते वाचता येतं. १८७७ च्या खेळात बेसलाइनचा मध्य आधी उघडा पडणार, कारण बहुतेक जण तिथून हलतच नसत. अशा जागी हंगामात दुरुस्ती जवळजवळ होतच नाही, नवं गवत लावलं तरी मूळ धरायला वेळ लागतो. जागा असेल तर सोपा उपाय म्हणजे पुढच्या हंगामात सगळं मैदानच काही फूट सरकवून आखायचं.

२२ हा आकडा बाद फेरीला गैरसोयीचा. ११ जोड्या जमल्या, पण एक खेळाडू फिरकलाच नाही, त्यामुळे पहिल्या फेरीचे सामने प्रत्यक्षात १० झाले. पुढच्या फेरीत ११ जण, म्हणजे एकाला पुढे चाल. मग ६, मग ३. तिघांत पुन्हा एकाला पुढे चाल, आणि ती मिळाली विल्यम मार्शलला. म्हणजे तो उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत. (हा समितीतला ज्युलियन मार्शल नव्हे.) ही अन्यायाची बाब लवकरच लोकांना खुपू लागली आणि १८८० च्या दशकात बॅग्नॉल-वाइल्ड यांची रीत आली. पुढे चाल द्यायची ती सगळी पहिल्याच फेरीत देऊन टाकायची. २२ खेळाडू असतील तर जवळचा मोठा आकडा ३२, त्यातून २२ वजा केले की १०. दहा जणांना पुढे चाल, उरलेले बारा जण सहा सामने खेळतील, सहा जिंकणारे आणि ते दहा मिळून सोळा. तिथून पुढे आकडे आपोआप निम्मे होत जातात. आज गल्लीतल्या कॅरम स्पर्धेचा तक्ताही याच रीतीने करतात.

तीन उरले म्हणून दुसऱ्या बक्षिसासाठी वेगळा सामनाही लागला, तो पुढे येईल.

आता ती जाळी. १८७७ मध्ये खांबांपाशी तिची उंची ५ फूट आणि मध्यभागी ३ फूट ३ इंच. खांब मैदानाच्या रेघेबाहेर ३ फुटांवर. म्हणजे जाळी झोळीसारखी लोंबलेली, आणि बाजूच्या रेघेवर तिची उंची साधारण साडेचार फूट. यावरून कुठला फटका सोपा आणि कुठला अवघड ते ठरतं. रेघेलगत सरळ मारायचा तर चेंडू माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून न्यावा लागतो आणि मग तो बाहेर जाण्याचा धोका. तिरका मारला तर तो मध्यावरून, म्हणजे सव्वातीन फुटांवरून जातो. साहजिकच बहुतेक जण बेसलाइनवर उभे राहून तिरके तिरके फटके मारत बसले.

स्पेन्सर गोरला यातली फट दिसली. वय २७, हॅरो शाळेत रॅकेट्स खेळलेला, सरे परगण्याकडून क्रिकेट खेळलेला, पेशाने जमिनींचा सर्वेक्षक. चेंडू तिरकाच येणार असेल आणि मध्यावरूनच येणार असेल तर जाळीपाशी मध्यावर जाऊन उभं राहिलं की झालं. चेंडू टप्पा घेण्याआधीच मनगटाने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ढकलायचा. प्रतिस्पर्ध्याने रेघेलगत सरळ मारायचं ठरवलं तर तिथे साडेचार फुटांची भिंत. बरं, जाळीच्या पलीकडे रॅकेट नेऊन चेंडू मारायलाही तेव्हा मनाई नव्हती, ती १८८० मध्ये आली. पुष्कळांना हे रडीचं वाटलं. मला तर पहिल्या विम्बल्डनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच वाटते. मैदान मोजून खेळ ठरवणारा तो पहिला, आणि पेशाने सर्वेक्षक असणं काही आड आलं नसावं.

स्पर्धेचं वेळापत्रक पाहिलं की समाज कुठला होता ते कळतं. १३ आणि १४ जुलैला लॉर्ड्सवर ईटन-हॅरो शाळांचा क्रिकेट सामना होता, म्हणून टेनिस बंद. अंतिम सामना सोमवारी १६ तारखेला होता, तो पावसाने गुरुवार १९ वर गेला. त्या दिवशीही सरी चालूच होत्या. तासभर थांबून साडेचारला खेळ सुरू झाला तेव्हा जमीन निसरडी आणि मेलेली. मेलेली म्हणजे चेंडू उडत नाही, टप्प्यावर घसरतो आणि घोट्याजवळून निघून जातो. अशा जमिनीवर टप्प्याची वाट पाहणारा माणूस मागे पडतो, टप्प्याआधी चेंडू घेणाऱ्याला काही फरक पडत नाही. गोरने मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं ४८ मिनिटांत उडवलं. लगेच त्याच चिखलात दुसऱ्या बक्षिसाचा सामना झाला. दोन सेटांवर निकाल लावायचं दोघांनी ठरवलं आणि मार्शलने हीथकोटला ६-४, ६-४ हरवलं.

स्पर्धा संपल्यावर जोन्सने पत्त्यांवाल्याचं काम केलं. सगळ्या सामन्यांचे गेम मोजले. एकूण ६०१ गेम, त्यांतले ३७६ सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले, २२५ समोरच्याने. पाचास तीन. हे आकडे आज कमी वाटतील, पण तेव्हा सर्व्हिस बहुतेक जण खालून किंवा खांद्याच्या पातळीतून आडवा हात फिरवून करत होते. त्यांनाच इतका फायदा मिळत असेल तर डोक्यावरून मारणारे आले की काय होईल?

कारण होतं सर्व्हिसच्या रेघेत, म्हणजे सर्व्हिसचा चेंडू जाळीपलीकडे ज्या रेघेच्या आत पडावा लागतो तिच्यात. ती जाळीपासून २६ फुटांवर होती, आजच्यापेक्षा ५ फूट लांब. कागदावर करून पाहा. बेसलाइन जाळीपासून ३९ फूट. चेंडू ८ फूट उंचीवरून मारला आणि तो सरळ रेषेत, खाली न झुकता, ३ फूट ३ इंचांच्या जाळीला लागून गेला, तर पलीकडे साधारण २६ फूट ८ इंचांवर पडेल. प्रत्यक्षात तो वाटेत झुकतोच, त्यामुळे २६ फुटांच्या आत पडायला अडचण नाही. म्हणजे डोक्यावरून पूर्ण ताकदीने सपाट मारलेली सर्व्हिसही बिनधोक आत. आता रेघ २१ फुटांवर आणा आणि जाळी ३ फूट करा. तीच सरळ रेषा २३ फूट ५ इंचांवर जाते, रेघेच्या जवळजवळ अडीच फूट बाहेर. चेंडू आत पाडायचा तर वेग कमी करा, नाहीतर फिरकीने खाली वळवा. दुसरी सर्व्हिस आजही वळवून का मारतात याचं उत्तर या पाच फुटांत आहे.

समितीने एकदम उडी मारली नाही. १८७८ साठी रेघ २६ वरून २२ फुटांवर आणली, जाळी खांबांपाशी ४ फूट ९ इंच आणि मध्यावर ३ फूट केली. १८८० मध्ये रेघ २१ फुटांवर आणि खांबांपाशी जाळी ४ फुटांवर आली. पुढे काही वर्षांतच खांबांची उंची साडेतीन फुटांवर स्थिरावली. सर्व्हिसची चौकट २६ वरून २१ फूट झाली म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी घटलं. आणि खांबांपाशी जाळी दीड फूट उतरली म्हणजे गोरची भिंत गेली, रेघेलगतचा सरळ फटका खेळात आला, जाळीवर उभ्या माणसाला दोन्ही बाजू राखणं भाग पडलं.

गोरला मात्र हे बदल पूर्ण व्हायच्या आतच उत्तर मिळालं. १८७८ मध्ये ३४ जण उतरले. विजेत्याने आधीच्या फेऱ्या खेळायच्या नाहीत, बाकीच्यांतून वर आलेल्याशी एकच सामना खेळायचा, अशी पद्धत त्या वर्षी सुरू झाली आणि १९२१ पर्यंत चालली. वर आला फ्रँक हॅडो, सिलोनमध्ये कॉफीचे मळे पाहणारा, सुट्टीवर घरी आलेला. त्याने जाळीच्या बाजूंनी जाण्याचा नादच सोडला आणि चेंडू गोरच्या डोक्यावरून मागे टाकायला लागला. लॉब. ७-५, ६-१, ९-७. हॅडो मळ्यांवर परत गेला आणि पुढच्या वर्षी किताब राखायला आलाच नाही. गोरनेही पुढे लिहिलं की क्रिकेट, रॅकेट्स किंवा राजेशाही टेनिस चांगलं खेळणारा माणूस या खेळात फार काळ रमणार नाही, कारण तो एकसुरी आहे. ज्या जाळीवर तो जिंकला होता तिच्यापुरतं बोलायचं तर त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

वॉर्पल रोडची जागा १९२२ मध्ये सुटली आणि क्लब चर्च रोडला गेला. जाळीच्या मध्यावर आजही एक पांढरा पट्टा ती खाली खेचून धरतो. सामन्याआधी तिथे मोजपट्टी लावून पाहतात: ३ फूट, म्हणजे ३६ इंच. मध्यावरची उंची १८७८ नंतर बदललेली नाही.